पाळणाघर शोधताय? भीड घरी ठेवून जा

"बाई ओळखीच्या आहेत, घर जवळ आहे. आणखी काय बघायचं?" संगमेश्वर, देवरुख, साखरपा या पट्ट्यातल्या आईवडिलांशी पाळणाघराचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. पाठोपाठ ठरलेल्या शंका येतात. अंगणवाडीत दिवसभर ठेवतात का? पाळणाघराला परवाना असतो का? कॅमेरा नसेल तर मूल ठेवूच नये का? बाळ किती महिन्यांचं झालं की ठेवावं?

पूर्वी या सगळ्याला "आजी आहे ना" एवढं उत्तर पुरायचं. आता घाटावरून बदली होऊन आलेल्या शिक्षिका, परिचारिका, बँकेतल्या मुली यांचं इथे कुणीच नसतं. आणि इथल्या आज्या? त्यातल्या कितीतरी डोंबिवली-विरारला मुलाकडे नातवंडं सांभाळायला गेलेल्या असतात.

पुण्या-मुंबईच्या मासिकांतले सल्ले आपल्याकडे नीट लागू पडत नाहीत. तिथे रंगीत भिंतींची, माहितीपत्रकं वाटणारी पाळणाघरं असतात आणि पालक गिऱ्हाइकाच्या तोऱ्यात प्रश्न विचारतात. आपल्याकडे बहुतेक वेळा एखाद्या काकू आपल्याच घरी चार-सहा मुलं सांभाळत असतात. त्या मामेसासूच्या शेजारच्या तरी असतात, नाहीतर नवऱ्याच्या मित्राच्या वहिनी. मग त्यांना "मोरी दाखवता का?" असं विचारायचं कसं? या भिडेपायी विचारायचे प्रश्न राहून जातात. ते कसे विचारायचे आणि कुठे अडून बसायचं, ते बघू.

आधी आपली गरज मोजा

शोध घेण्याआधी कागदावर वेळ लिहा: घरातून निघण्याची आणि खरोखर परतण्याची. शाळा पाचला सुटते म्हणून पाच लिहू नका. रत्नागिरीला किंवा चिपळूणला रोज जा-ये करणाऱ्यांना महामार्गाच्या कामाचा अनुभव आहेच. आरवली ते कांटे आणि पुढे वाकेडपर्यंतच्या रखडपट्टीने लोकांच्या किती संध्याकाळी खाल्ल्या, ते सांगायला नको. रेल्वेने येणाऱ्यांना क्रॉसिंगचा खोळंबा. म्हणून रोजच्या वेळेत वरचा एक तास धरा आणि त्या तासाबद्दल पाळणाघराशी आधीच बोला.

दुसरा प्रश्न जागेचा. घराजवळ की कामाजवळ? माझं मत असं: बाळ अंगावर पीत असेल तोवर कामाजवळचं बघा, मधल्या सुट्टीत पाजायला जाता येतं. दीड-दोन वर्षांनंतर घराजवळचं बरं. तुम्ही अडकलात तर शेजारचं कुणी तरी जाऊन मुलाला आणू शकतं.

आपल्याकडे कोणते पर्याय आहेत?

- घरगुती पाळणाघर. सर्वात जास्त आढळणारा प्रकार. मुलं कमी असतील आणि बाई प्रेमळ असतील तर लहान बाळासाठी हाच उत्तम. दोष एवढाच की बाई आजारी पडल्या की पाळणाघर बंद.
- अंगणवाडी. १९७५ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतली ही सोय आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथे काही तास पूर्वशिक्षण आणि गरम आहार मिळतो. तीन वर्षांखालच्यांना घरी न्यायचा आहार, वजन, लसीकरण. दिवसभर मूल सांभाळणं हे नेहमीच्या अंगणवाडीचं काम नाही. सेविकाताईंना गळ घालू नका. तीन वर्षांपुढचं मूल सकाळी अंगणवाडीत आणि नंतर पाळणाघरात, अशी सांगड मात्र छान बसते. फक्त मधे ने-आण कोण करणार, ते नावानिशी ठरवा.
- अंगणवाडीला जोडलेलं पाळणाघर. केंद्राच्या 'मिशन शक्ती'मधल्या 'पाळणा' योजनेत २०२२ पासून सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ही तरतूद आहे. तिथे पाळणाघराची सेविका आणि मदतनीस वेगळ्या असतात. तुमच्या जवळ असं केंद्र आहे का, नसेल तर मागणी कशी नोंदवायची, हे देवरुखला बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. दहा-बारा आयांनी मिळून लेखी अर्ज दिला तर तो फाइलला लागतो. एकटीने तोंडी विचारलेलं वाऱ्यावर जातं.
- खाजगी प्लेग्रुपला जोडलेलं डे केअर. शाळेचा वेळ संपल्यावर मुलं नेमकी कुणाच्या ताब्यात असतात, ते विचारा. पुष्कळदा शिक्षिका घरी जातात आणि मागे एक मावशी उरते.
- घरी येणारी बाई. सोयीची खरी, पण बंद दाराआड दुसऱ्या मोठ्या माणसाची नजर नसते. शेजारी अधूनमधून डोकावणारं कुणी असेल तरच.

परवान्याचा घोळ

भिंतीवर 'उद्यम' नोंदणीचं किंवा शॉप ॲक्टचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं दिसतं आणि पालक निर्धास्त होतात. त्या कागदाचा अर्थ इतकाच की तिथे व्यवसाय चालतो. मुलांच्या दृष्टीने ती जागा कुणी तपासली आहे, असं त्यातून सिद्ध होत नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी चालणाऱ्या खाजगी केंद्रांना शालेय शिक्षण विभागाने २०२५ मध्ये संकेतस्थळावर नोंदणी करायला सांगितलं. अशा केंद्राला नोंदणीबद्दल जरूर विचारा. पण काकूंच्या पडवीतल्या पाळणाघराची तपासणी तुम्हालाच करावी लागेल, हे धरून चाला.

मुलांजवळ वावरणाऱ्या पगारी माणसांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी झालेली असावी. त्यासाठीचा अर्ज त्या व्यक्तीनेच करायचा असतो. संस्थेकडे हा कागद मागा. घरगुती ठिकाणी तो मागायला संकोच वाटत असेल तर निदान एवढं विचारा: दिवसा घरात आणखी कोण कोण असतं? दीर, भाडेकरू, कॉलेजात जाणारा भाचा, दुपारी घरी येऊन पडणारं माणूस? "घरात मी एकटीच" असं उत्तर आलं तरी दोनदा वेगवेगळ्या वेळी जाऊन खात्री करा.

पहिली भेट दुपारी

बोलणी करायला संध्याकाळी जाऊ नका. तेव्हा घर आवरलेलं असतं, मुलं गेलेली असतात, पुढ्यात चहा येतो आणि मग काही विचारवत नाही. बारा ते दोनच्या मधे जा. भुकेची आणि झोपेची वेळ असते, बाईंचा कस तेव्हाच लागतो.

दाराशी पोचलात की आधी चपला मोजा. सांगितलेली सहा मुलं आणि बाहेर अकरा जोड, हे तिथल्या तिथे कळतं. मग ओटीवर बसून न राहता "हात धुवायला मोरी कुठे?" म्हणत आत जा. मोरीत पाण्याने भरलेली बादली किंवा टीप उघडी आहे का बघा. रांगतं मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं. पाणी भरून ठेवायचं असेल तर झाकण हवं किंवा मोरीला बाहेरून कडी. शेगडी मुलांच्या हाताला येते का, फिनेलची बाटली कुठे ठेवली आहे, इस्त्रीची वायर लोंबते आहे का, हेही त्याच फेरीत दिसेल.

मग दहा मिनिटं गप्प बसा आणि एकाच गोष्टीकडे लक्ष द्या: मूल रडलं की काय होतं? बाई उठून जवळ जातात, बसतात, नाव घेऊन बोलतात की लांबूनच "गप रे" म्हणतात? की मोबाइल हातात देतात? टीव्ही चालू असणं हा काही गुन्हा नव्हे, पण सगळी मुलं त्याच्यापुढे ओळीने गप्प बसलेली दिसली तर समजून जा. आणि दुपारी दीडला सगळीच्या सगळी मुलं गाढ झोपलेली असतील, हलवलं तरी जागी होत नसतील, तर तिथे दुसऱ्यांदा जाऊ नका. मुलांनी झोपावं म्हणून सर्दी-खोकल्याचं औषध पाजण्याचे प्रकार होतात.

खेळण्यांच्या ढिगाला भुलू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि कोसबाडला शंख-शिंपले, बिया, पानं, माती यांवर बालवाडी चालवून दाखवली. बाई मुलांशी बोलतात का, गाणी म्हणतात का, अंगणात नेतात का, हे बघा.

कोकणातलं घर, कोकणातले धोके

शहरी याद्यांमध्ये हा भाग नसतो, म्हणून जरा सविस्तर.

*विहीर आणि पऱ्या.* परसात विहीर असेल तर कठडा मुलाच्या छातीच्या वर हवा आणि वर जाळी हवी. मागून पऱ्या वाहत असेल तर मे महिन्यात जाऊन "कोरडा आहे" म्हणू नका; जुलैत तो कुठवर येतो ते शेजाऱ्यांना विचारा. अंगणाला फाटक हवं आणि ते मुलांना उघडता येऊ नये.

*विंचू-साप.* चिऱ्याचा गडगा, लाकडांची रास, पेंढा हे भिंतीला लागून असेल तर मुलांची खेळायची जागा तिथून लांब हवी. जमिनीवर अंथरुण घालायचं असेल तर ते झटकून घालतात का? संडास घरात आहे की मागे? विंचू किंवा साप चावला तर काय करता, हा प्रश्न सरळ विचारा. "१०८ ला फोन, मुलाला न चालवता ग्रामीण रुग्णालयात" हे उत्तर हवं. मंत्र-उताऱ्याचं नाव निघालं तर काकू कितीही गोड असल्या तरी नमस्कार करून निघा.

*घशात अडकणाऱ्या वस्तू.* चणे-शेंगदाणे सगळीकडेच असतात. आपल्याकडे त्यात करवंदं, जांभळाच्या बिया आणि फणसाच्या आठळ्यांची भर पडते. काजूच्या दिवसांत घरात बिया वाळत घातलेल्या असतात. ओल्या बीच्या सालातलं तेल लागलं की कातडी भाजते. एप्रिल-मेमध्ये बिया मुलांच्या वावरात नसाव्यात, एवढं मान्य करून घ्या.

*पूर.* शास्त्री आणि सोनवी चढल्या की संगमेश्वरच्या बाजारपेठेत पाणी येतं. माखजनला गड नदीची तीच तऱ्हा. पाळणाघर सखल भागात असेल तर तीन गोष्टी आधी ठरवा: पाणी वाढू लागलं की मुलांना कोणत्या घरी हलवणार, हलवायला दुसरं मोठं माणूस कोण आणि तुम्हाला फोन कधी करणार. दारात पाणी आल्यावर केलेल्या फोनचा उपयोग नाही.

*रेड अलर्टची सुट्टी.* जिल्हाधिकारी शाळा-अंगणवाड्यांना सुट्टी देतात. दवाखाना, बँक, तहसील चालूच राहतं. त्या दिवशी पाळणाघर उघडं असणार का, हा पावसाळ्यातला सर्वात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तो जूनच्या आधीच विचारायचा. गणपती, शिमगा आणि मे महिन्यातल्या सुट्ट्याही त्याच बैठकीत ठरवून घ्या.

किती मुलांमागे किती माणसं?

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ साली पाळणाघरांसाठी किमान निकष काढले. त्यात तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक आणि तीन ते सहा वर्षांच्या २० मुलांमागे एक सांभाळणारी धरली आहे. हा किमान आकडा आहे. तुमचं बाळ वर्षाच्या आतलं असेल तर दहाला एक हे फारच झालं. माझ्या मते अशी तीन, फार तर चार बाळं एका बाईंना झेपतात, तीही स्वयंपाक दुसरं कुणी करत असेल तर. एकटी बाई आणि आठ मुलं असा संसार असेल तर विचारा: एकाला लागलं, दवाखान्यात न्यावं लागलं, तर उरलेल्या सातांजवळ कोण?

खाणं, दूध, औषध

सहा महिने पुरे होईपर्यंत फक्त आईचं दूध. काढून ठेवलेलं दूध साधारण २५ अंशांना चार तास टिकतं; आपल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात तेवढा भरवसा धरू नका. फ्रिजमध्ये ते चार दिवस राहतं, पण पावसाळ्यात वीज किती वेळ जाते ते तुम्हाला ठाऊकच आहे. डबीवर तारीख-वेळ लिहा आणि बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं वापरायला सांगा. ते उकळून स्वच्छ करणं सोपं असतं. वर्षाच्या आत वरचं गाईचं दूध नको, मधाचं बोटही नको. प्रेमाने चाटवणाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा.

मोठ्यांना मऊ भात, पेज, नाचणीची आंबील, वरण, पिकलेलं केळं हे बिस्किटांपेक्षा कितीतरी चांगलं. पाणी उकळलेलं हवं, विशेषतः पहिल्या पावसानंतर.

औषधाचा नियम एकच: तुम्ही लिहून दिल्याशिवाय काही नाही. खोकल्याचं औषध तर नाहीच. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे दूषित औषधाने लहान मुलं दगावली, तेव्हा केंद्रानेही दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत असं बजावलं. आणि ही अट दोन्हीकडून असते. ताप, जुलाब, अंगावर पुरळ असलेलं मूल तुम्हीही सकाळी गोळी देऊन पाळणाघरात सोडू नका.

कॅमेरा हवाच का?

असला तर उत्तम, पण निवड त्यावर करू नका. खारघरला नोव्हेंबर २०१६ मध्ये दहा महिन्यांच्या मुलीला सांभाळणाऱ्या बाईने मारहाण केली, ती कॅमेऱ्यासमोरच. चित्रण कामी आलं ते पुरावा म्हणून. रोज बघणारं कुणी नसेल तर कॅमेरा थांबवू काहीच शकत नाही. त्यापेक्षा न कळवता केव्हाही येऊन मुलाला बघण्याची मुभा मागा. "येण्याआधी फोन करा, मुलं बिथरतात" असं ज्या घरी सांगतात तिथे मूल ठेवू नका. ही एक अट मी कुणासाठीही सैल करणार नाही.

एक पानाचा कागद

करारनामा नको, वहीचं पान पुरे. दोघांच्या सह्या आणि तारीख.

- वेळ, महिन्याचे पैसे, उशिराचे पैसे, सुट्ट्यांत किती द्यायचे
- मुलाला न्यायला येऊ शकणाऱ्यांची नावं आणि फोन. यादीबाहेरचा सख्खा काका आला तरी आधी तुम्हाला फोन
- ॲलर्जी, चालू औषधं, डॉक्टरांचं नाव, लसीकरणाच्या कार्डाची प्रत
- मुलांचे फोटो स्टेटसला ठेवायचे नाहीत
- बंद करायचं झाल्यास दोन्ही बाजूंनी किती दिवस आधी सांगायचं

पैसे ऑनलाइन द्या, म्हणजे नोंद राहते. आणि वेळेवर द्या. इतक्या जबाबदारीचं काम करणाऱ्या बाईंशी घासाघीस करू नये.

पहिले पंधरा दिवस

रजा संपायच्या आदल्या दिवशी बाळ नेऊन सोडू नका. दोन आठवडे आधी सुरुवात करा: काही दिवस तुम्ही सोबत बसून अर्धा-पाऊण तास, मग थोडा वेळ बाहेर, मग एक जेवण, मग एक झोप. आठ महिने ते दीड वर्ष या वयात मुलं आईला जास्त बिलगतात, रडणं वाढतं. ते पाळणाघर वाईट असल्याचं लक्षण नव्हे. मुलाची नजर चुकवून मात्र पळू नका. सांगून, हात हलवून जा. तुमची वापरलेली ओढणी बरोबर दिलीत तर बाळं तिला धरून झोपतात.

कामाच्या ठिकाणचे तुमचे हक्क

मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनुसार ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय द्यायची असते आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यायचं असतं. हीच तरतूद सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आहे. आपल्या तालुक्यात पन्नास माणसं असलेली जागा म्हणजे मोठीच. पण अभियांत्रिकी महाविद्यालय, रुग्णालय, साडवलीच्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना अशा ठिकाणी असाल तर लेखी विचारा. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दोन विश्रांतीही मिळतात. राज्य शासनाच्या आणि जिल्हा परिषदेच्या महिला कर्मचाऱ्यांना व शिक्षिकांना मूल १८ वर्षांचं होईपर्यंत संपूर्ण सेवेत १८० दिवस बालसंगोपन रजा आहे. सगळी एकदम संपवू नका. बाईंचं पाळणाघर अचानक बंद पडतं तेव्हा तीच उपयोगी पडते.

काही खटकलं तर

रुळलेलं मूल अचानक पाळणाघराच्या दाराशी तुम्हाला घट्ट धरून राहू लागलं, एकाच माणसाला घाबरू लागलं, अंगावर न सांगता येणारे वळ दिसले, झोपेत किंचाळू लागलं, रोज पेंगुळलेलं परत येऊ लागलं, तर "वय असतं तसं" म्हणून सोडू नका.

खरचटणं, चावणं असे प्रकार मुलांत होतातच. बाईंनी स्वतःहून सांगितलं तर विश्वास वाढतो, लपवलं तर कमी करा. मारहाण किंवा लैंगिक छळाचा संशय असेल तर बाईंशी वाद घालत बसू नका. खुणांचे फोटो काढा, मुलाला सरकारी डॉक्टरांना दाखवा. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, ११२ पोलिसांची. पोलीस ठाणी संगमेश्वरलाही आहेत आणि देवरुखलाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याने नुसता संशय असला तरी कळवणं बंधनकारक केलं आहे. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. तातडीच्या उपचारांसाठी रुग्णालय आधी तक्रारीचा कागद मागू शकत नाही. मुलांशी क्रूरतेने वागणाऱ्याला २०१५ च्या बालन्याय कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मुलं सांभाळणाऱ्या संस्थेतल्या माणसाने तसं केलं तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. "गावात नाव जाईल" म्हणून मिटवायला येणारे दोघे-तिघे हमखास भेटतील. त्यांना चहा द्या आणि तक्रार करा.

तक्रारीसारखं काही नसेल, नुसतं पटत नसेल, तर ठरलेले दिवस आधी सांगून मूल काढा. कारण खरं सांगा: मुलं जास्त झाली, टीव्ही फार चालतो, जेवण वेळेवर होत नाही. बाईंना राग येईल, बाजारात भेटल्यावर चार दिवस बोलणार नाहीत. तिथे मूल ठेवायचा विचार करणारी एखादी आई तुम्हाला फोन करील, तेव्हा "तसं बरं आहे हो" म्हणू नका; जे बघितलं ते सांगा.